पहिला नंबर कोणाला द्यायचा?

जानेवारी महिना उजाडला की आपल्या वस्त्यांमधून नव्या वर्षाच्या भिशीची जुळवाजुळव सुरू होते. बारा बाया, महिन्याला हजार रुपये, बारा महिने. हिशेब इतका सोपा की तिसरीतली मुलगीही पाटीवर मांडून दाखवील. अवघड असतो तो एकच प्रश्न : पहिला नंबर कोणाला द्यायचा?

आमच्या वाचक भगिनींना यातले काही समजावून सांगायला नको. पण घरातली भिशी आई किंवा पत्नी बघते आणि आपण नुसते पैसे काढून देतो, असे जे बंधू आहेत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. पहिल्या महिन्यात जिची भिशी लागते तिने स्वतःचे एक हजार भरलेले असतात आणि तिच्या हातात बारा हजार पडतात. म्हणजे बाकीच्या अकरा जणींनी तिला अकरा हजार रुपये उसने दिले. तेही बिनव्याजी, काहीही गहाण न ठेवता, कागदावर सही न घेता. शेवटचा नंबर जिचा असतो तिने अकरा महिने अकरा हजार रुपये दुसऱ्यांच्या भरवशावर सोडलेले असतात. पहिली ती कर्जदार, बारावी ती सावकार, आणि मधल्या सगळ्या आधी सावकार मग कर्जदार. कोणतीही बँक असा व्यवहार करणार नाही. आपल्या बाया तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत आणि बहुतेक भिश्या सुरळीत पार पडतात. हे कसे जमते, असा प्रश्न आम्हाला पडला.

भिशी चालवणाऱ्या मावशींना विचारले, की तुम्ही बाई कशी पारखता, तर त्या आधी हसतात. "त्यात काय पारखायचे, कळतेच की," असे म्हणतात. थोडे खोदून विचारले म्हणजे मग एकेक गोष्ट बाहेर येते. खोली स्वतःची की भाड्याची. वाण्याची उधारी पगार झाल्यावर स्वतः जाऊन देते की वाण्याने पोरगा पाठवल्यावर. नवऱ्याला कायमची नोकरी आहे का, आणि असली तरी पगार घरापर्यंत येतो का. माहेरची माणसे जवळ आहेत का. बाई दिसते कशी आणि बोलते कशी, याला या यादीत फारशी किंमत नाही. एका मावशींनी सांगितलेली खूण तर आम्ही लिहूनच ठेवली. त्या म्हणाल्या, "जी बाई पाच तारखेच्या आधी येऊन सांगते, की मावशी, या महिन्याला दोन दिवस उशीर होईल, तिला मी डोळे झाकून घेते. जी दर वेळी हसून 'आणते हो, आणते' म्हणते, तिला शेवटचा नंबर."

बऱ्याच ठिकाणी पहिला नंबर भिशी चालवणारीच घेते. ही तिची मजुरी. त्याबदल्यात कोणी पैसे बुडवले तर तिने पदरचे भरायचे. म्हणून ती इतकी बारीक नजर ठेवते. जिच्या खिशाला झळ बसणार आहे तीच नीट पारखते, हा भिशीचा खरा कायदा आहे. लिलावाच्या भिशीत आणखी एक गोष्ट दिसते. बारा हजारांची भिशी एखादी बाई दहा हजारांवर घ्यायला तयार झाली आणि उरलेले दोन हजार बाकीच्यांत वाटले गेले, तर तिची नड किती आहे ते सगळ्यांना कळते. नड फार मोठी असली तर जाणत्या बाया सावध होतात.

या पद्धतीत एक अन्याय आहे, तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. टाकलेली बाई, भाड्याच्या खोलीत नव्याने आलेली, चार घरची धुणीभांडी करणारी, जिला अकरा हजारांची खरी गरज आहे, तिलाच नेमका शेवटचा नंबर मिळतो. ज्यांच्याजवळ आहे त्यांच्यावर लवकर विश्वास बसतो. बँकेचा मॅनेजर जे करतो तेच आपणही आपल्या ओट्यावर बसून करतो.

आता चेहरा पाहून माणूस ओळखण्याबद्दल थोडेसे. 'आपण चेहऱ्यावरूनच सांगतो' अशी फुशारकी मारणारे प्रत्येक घरात एक तरी असतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००६ साली लोकांना अनोळखी चेहरे दाखवले, तेही सेकंदाचा दहावा भाग एवढाच वेळ. तेवढ्यात लोकांनी हा विश्वासू आणि हा नाही असे ठरवून टाकले. अधिक वेळ दिल्यावर मते फारशी बदलली नाहीत, फक्त आपल्या मताबद्दलची खात्री वाढली! ही मते बरोबर किती निघतात? खोटे बोलणारा ओळखण्याच्या दोनशेहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावाही २००६ सालीच प्रसिद्ध झाला. लोकांचा अंदाज शंभरात सुमारे चोपन्न वेळा बरोबर आला. नाणे उडवले तरी पन्नास वेळा बरोबर येतोच. तेव्हा मावशींनी दिसण्या-बोलण्याला खालची जागा दिली त्यात शहाणपण आहे.

मावशींच्या यादीला आणखी एक आधार आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील प्राध्यापक रॉबर्ट ॲक्सलरॉड यांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली. दोघांनी परस्परांशी वागायचे, सहकार्य करायचे की फसवायचे ते प्रत्येक फेरीत ठरवायचे, आणि पुन्हा पुन्हा तेच दोघे समोरासमोर. मोठमोठ्या विद्वानांनी चलाख डावपेच पाठवले. जिंकला तो सगळ्यांत साधा डाव : पहिल्या वेळी चांगले वागायचे, नंतर समोरचा जसा वागेल तसे. मात्र हे जमते ते पुन्हा भेट होणार असली तरच. आज फसवले तर उद्या त्याच नळावर त्याच बाईसमोर हंडा घेऊन उभे राहायचे आहे, ही जाणीव चाळीत आपोआप असते. भिशीला सहीची गरज लागत नाही ती यामुळे.

आणि हीच जाणीव आता विरळ होत चालली आहे. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. एकशे साठ चौरस फुटांची खोली, बाहेर लांब गॅलरी, सामाईक मोरी-संडास. आपल्या समाजाच्या कितीतरी पिढ्या तिथे वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पुनर्विकासाच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. पाचशे चौरस फुटांचे घर, स्वतःचा संडास. याचा आनंद कोणाला होणार नाही? अशा घरासाठी माणसे हयातभर वाट पाहत मेली. पण दार लावून घेतल्यावर शेजारीण वाण्याची उधारी वेळेवर देते की नाही हे कळायचा रस्ताही बंद होतो. संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबांना हा अनुभव आधीच आलेला आहे. जुनी भिशी फोनवर चालू ठेवायची, तर पैसे पोचतात पण माणूस दिसत नाही.

आपल्यावर कोण विश्वास ठेवतो?

विश्वासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपण दुसऱ्यांवर विश्वास ठेवावा की नाही, एवढाच प्रश्न आपल्यापुरता कधीच नव्हता. दुसरे आपल्यावर ठेवत नाहीत, हा आपला जुना अनुभव आहे. भाड्याची खोली बघायला गेले की आधी आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, गावावरून नाही तर "घरात फोटो कोणाचा लावता?"

हा नुसता आपला ग्रह नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ च्या ऑक्टोबरपासून सहासष्ट आठवडे एक प्रयोग केला. खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज धाडले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा : कुठे उच्चवर्णीय हिंदू नाव, कुठे दलित, कुठे मुस्लिम. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश होती. समोर माणूस नाही, चेहरा नाही, केवळ नावावरून भरवसा ठरला. मावशी निदान वाण्याकडे चौकशी तरी करतात.

ज्या समाजाला बँकेच्या काउंटरवर, कारखान्याच्या गेटवर आणि घरमालकाच्या दारात असे परत फिरावे लागते, तो समाज आपसांत घट्ट धरून राहतो. यात वावगे काही नाही. अडीनडीला आपला माणूसच धावून येतो. जयंतीची वर्गणी, विहाराचे बांधकाम, कोणाच्या मयतीचा खर्च, सगळे परस्पर विश्वासावर उभे राहते. परंतु हा घट्टपणा बाहेरच्या लबाडांनाही चांगला माहीत आहे. ते स्वतः येत नाहीत. ते आपल्यातल्याच एकाला पाठवतात.

माणूस खरा, माहिती खोटी

गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या घरांमधला पैसा कुठे कुठे गेला ते आठवून पाहा. शेतजमिनीच्या नावाने ठेवी गोळा करणारी 'पर्ल्स'. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने तिला ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. पैसे भरणाऱ्यांची संख्या सुमारे पाच कोटी पंच्याऐंशी लाख! पुण्याची 'समृद्ध जीवन', शेळ्या-म्हशींच्या नावाने. आणि अगदी अलीकडे जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या 'टोरेस' या दागिन्यांच्या दुकानासमोर जमलेली ती गर्दी. हिऱ्यासारखे दिसणारे खडे विकत घ्या आणि दर आठवड्याला पैसे मिळवा, अशी योजना. पोलिसांत गेलेल्या पहिल्या तक्रारदारांत एक भाजीविक्रेता होता.

या सगळ्यांची तऱ्हा वेगवेगळी असली तरी घरात शिरण्याची वाट एकच. कंपनीचा मालक तुमच्या दारात येत नाही. तुमच्या नणंदेचा दीर येतो, गिरणीतला जुना सोबती येतो, महिला मंडळातली ताई येते. तिने स्वतः पैसे भरलेले असतात. तिला पहिले दोन-तीन हप्ते मिळालेले असतात. ती पासबुक उघडून दाखवते, आणि ती खोटे बोलत नसते. तिला आपण वीस वर्षे ओळखतो, ती कोणाचा रुपया ठेवणारी नाही, हे आपले पारखणेही चुकीचे नसते. इथे मावशींची सगळी यादी लावली तरी ताई पास होते. आणि तरीही पैसे बुडतात.

असे का होते, याचे उत्तर आमच्या मते एकच. ताई कशी आहे हे आपण पारखले, पण ताईला काय माहीत आहे हे पारखले नाही. पैसे कुठून येतात हे तिला ठाऊक नव्हते. तिने तिच्या वरच्यावर विश्वास ठेवला, त्याने त्याच्या वरच्यावर. साखळीतला प्रत्येक माणूस खरा असू शकतो आणि साखळीचे दुसरे टोक खोटे असू शकते. १९२० साली अमेरिकेत बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या माणसाने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देतो म्हणून लोकांकडून पैसे घेतले. टपालाच्या कूपनांचा धंदा आहे असे तो सांगे. धंदा नावापुरताच होता. नव्या लोकांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते. ज्यांना मिळाले त्यांनी खुशीने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितले. पहिले हप्ते हीच त्याची जाहिरात होती. शंभर वर्षांनंतरही डाव तोच आहे. पाँझीच्या दराने हजार रुपये वर्षभर गुंतवत राहिले तर पंचवीस हजारांच्या वर जातात. हा हिशेब घरातल्या दहावीच्या मुलाकडून करून घ्या आणि मग विचारा, की असा कोणता धंदा आहे जो एका वर्षात पैशाला पंचवीसपट करतो, आणि असलाच तर तो मालक आपल्याकडे हजार रुपये मागायला का येतो?

भिशीत असे काही होत नाही. बारा बायांचे बारा हजार येतात, बारा हजारच जातात. एक रुपया वाढत नाही. म्हणूनच ती चालते. ज्या दिवशी कोणी 'वाढणारी भिशी' घेऊन येईल त्या दिवशी ती भिशी राहिलेली नाही असे समजावे.

केसपुत्त नगरातले कालाम लोक तथागतांकडे याच पेचात आले होते. एक येतो तो आपले खरे म्हणतो, दुसरा येतो तो पहिल्याला खोडतो, आम्ही कोणाचे खरे मानायचे? तथागतांनी ज्या आधारांवर विसंबू नका म्हणून सांगितले त्यांत ऐकीव गोष्ट आणि परंपरा येतेच. पण बोलणारा योग्य दिसतो म्हणून, आणि तो आपला आदरणीय आहे म्हणून, हेही त्यांत आहेत. हे सुत्त आपण विहारात अनेकदा ऐकतो. पासबुक पुढे आल्यावर ते आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

बुडालेल्या योजनांमागे राहिलेल्या एजंट बायांबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. कंपनीला कुलूप लागले, मालक फरार झाला किंवा तुरुंगात गेला, पण ताई त्याच गल्लीत राहते. तिचे स्वतःचे पैसे गेले, वर शिव्याशाप. पाणी भरायला ती पहाटे चार वाजता उठते, कोणी भेटू नये म्हणून. मुलीचे लग्न जमवताना हा विषय निघतोच. अशा बाईला लबाड म्हणणे आम्हाला पटत नाही. पण तिला मिळालेल्या कमिशनचा हिशेब तिने मांडायला हवा, असे म्हणणाऱ्यांचेही बरोबर आहे. ज्यांच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे गेले त्यांना समजूतदारपणा शिकवण्याचा अधिकार आम्हाला नाही.

पाटी पाहून फसू नये

'बँक' अशी पाटी असली म्हणजे निर्धास्त, असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता आले. एका बांधकाम कंपनीला दिलेली कर्जे एकवीस हजारांहून अधिक बनावट खात्यांआड लपवली होती, असे पुढे निघाले. रांगेत उभे राहिलेल्यांपैकी कोणाला हे कळण्याचा मार्ग नव्हता. जिथे माणसाच्या पारखण्याला मर्यादा येते तिथे कायदा हवा असतो. फेब्रुवारी २०२० पासून बँक बुडाली तर मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्याने सुरक्षित आहे. त्याआधी १९९३ पासून ही मर्यादा एक लाखाचीच होती.

पण हा विमा पतसंस्थेला नाही. ही गोष्ट आमच्या कितीतरी वाचकांना माहीत नसेल, म्हणून ठळकपणे सांगतो. पतपेढी, पतसंस्था, मल्टिस्टेट सोसायटी, यांतल्या ठेवींना तो विमा लागू नाही, मग त्यांचे ऑफिस कितीही चकचकीत असो. जळगावची रायसोनी पतसंस्था आणि बीडची ज्ञानराधा यांचे ठेवीदार अजून त्याची किंमत मोजत आहेत. चांगल्या पतसंस्था आहेतच. तिथे पैसे ठेवायचे तर संचालक कोण, कर्जे कोणाला दिली, वार्षिक सभा होते का, हे सभासदाने विचारावे. "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" असे उलट विचारणाऱ्याकडे पैसे ठेवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. भिशीतली कोणतीही चांगली बाई वही दाखवायला लाजत नाही.

बचत गटांनी हीच गोष्ट नियमात बसवली. १९९२ साली नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, तेव्हा तारणाशिवाय बायांना कर्ज देणे म्हणजे वेडेपणा वाटला असेल. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहिलेली वही, ही पाच सूत्रे. यातली वही भिशीत नेहमीच असते असे नाही. वही असली की नव्याने आलेल्या भाडेकरू बाईलाही स्वतःची ओळख तयार करता येते. सहा महिने वेळेवर भरल्याचा पुरावा तिच्या नावावर कागदावर उतरतो. तिची खोली कोणाची, नवरा काय करतो, हे मग विचारावे लागत नाही. वर सांगितलेल्या अन्यायावर एवढा एक उतारा आम्हाला दिसतो. वही लिहायला गटातली शिकलेली मुलगी बसवली तर आणखी चांगले, पण तिची वही दर महिन्याला मोठ्याने वाचून दाखवावी.

आता फसवणूक झालीच असेल तर काय करायचे ते सांगतो. आपल्या राज्यात ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा १९९९ सालापासून आहे आणि त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते. परवानगीशिवाय जनतेकडून ठेवी घेण्यावर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. फोनवरून किंवा मोबाईलवरून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता राहते. लाजेने घरात बसू नये, आणि एकट्याने पोलीस ठाण्यात जाऊ नये. ज्यांचे ज्यांचे पैसे गेले त्यांनी नावे, तारखा आणि रकमा एका कागदावर लिहून मिळून जावे. कंपनीचा माणूस "नवीन पावती देतो, जुनी जमा करा" म्हणाला तरी मूळ पावती सोडू नये. झेरॉक्स द्यावी, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.